दुसऱ्या घरातली डिस्क

या, अशा जवळ येऊन बसा. दारातूनच "काकू, घाईत आहे" म्हणून परत फिरू नका, दर वेळी तेच करता तुम्ही. आणि तो फोन जरा खाली ठेवा. त्यात लेकरांचे फोटो आहेत ना, लग्नाचे, आईच्या शेवटच्या वाढदिवसाचे? सगळे त्याच एकात? मग आमचे भाऊ इथे असते तर त्यांनी तुमच्यासमोर उजव्या हाताची दोन बोटं धरली असती, त्यातलं एक मिटलं असतं, आणि उरलेल्याकडे बघत विचारलं असतं, "अन् हा गेला तं?"

समोरच्याला उत्तर सुचेपर्यंत ते बोट तसंच हवेत. मला तर त्या बोटाची भीतीच वाटायला लागली होती.

भाऊ म्हणजे सख्खे कोणी नव्हेत. माझा कॉम्प्युटर बघायला येत ते. तुमच्यापैकी काहींनी त्यांना पाहिलंही असेल. पंडरीच्या कापड बाजारामागे साड्यांचे गठ्ठे उतरवतात त्या गल्लीत, एका जिन्याखाली त्यांचं दुकान. पाटी नव्हती. बाहेर स्टुलावर एक उघडा पडलेला कॉम्प्युटर असायचा, तीच पाटी. त्याआधी अठ्ठावीस वर्षं उरला ह्या कारखान्यांच्या भागात, एका रोलिंग मिलमध्ये विजेच्या दुरुस्तीवर होते. भर मे महिन्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला, खिशात टेस्टर आणि एक लांब पेचकस. फोनवर गिऱ्हाइकाशी हिंदी, बाजूच्या हमालाशी छत्तीसगढी, माझ्याशी आपली मराठी, आणि कॉम्प्युटरशी एक शब्द नाही.

घरी आले की चप्पल बाहेर, आणि सरळ जमिनीवर मांडी. सोफा रिकामा असला तरी जमिनीवर. "मशीन खाली हाये, मी वर बसून काय करू?" चहा दिला की अर्धा प्यायचे आणि कप बाजूला सरकवून बशी वर झाकायचे. पहिल्यांदा मला वाटलं साखर कमी पडली. विचारलं तर म्हणाले, "उरलेला काम झाल्यावर." काम दोन तास चालो की चार, तो गारढोण अर्धा कप ते शेवटी पिऊनच उठायचे. मी कितीदा म्हटलं, भाऊ, गरम करून देते. नाही म्हणजे नाही.

आता माझ्या कॉम्प्युटरमध्ये असं होतं काय की त्यासाठी एवढा जीव टांगणीला लावायचा? तुमच्या आज्या होत्या त्यात. हसू नका. चौथीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं जे वाचायला-लिहायला आलं ते जाऊबाईंच्या हाताखाली, पोळ्या लाटता लाटता. पण कान चांगला होता. मराठ्यांच्या राज्यापासून इथे परमुलखात राहिलेल्या घरांतल्या म्हाताऱ्या आणि मागाहून रेल्वेच्या, कारखान्याच्या नोकऱ्यांपायी विदर्भातून आलेल्या म्हाताऱ्या, त्यांच्या ओव्या, अंगाईगीतं, मंगळागौरीची गाणी, भांडणंसुद्धा, हे सगळं मी घरोघर जाऊन टेपवर घेत होते. त्यांची नातवंडं मराठी समजतात पण उत्तर हिंदीत देतात. ह्या गेल्या की "मले", "तुले" म्हणणारं कोण उरणार, असं मला वाटायचं. पुढे कपाटातल्या दमटपणानं कॅसेटी चिकटायला लागल्या, तेव्हा मुलानं हा कॉम्प्युटर घेऊन दिला, सगळं त्यात चढवलं आणि कॅसेटी फेकून दिल्या. मग मी टंकायला शिकले आणि एकेकीचे शब्द आधी नंबर घालून वहीत आणि मग त्यांच्या त्यांच्या फोल्डरमध्ये लिहीत गेले. एकेचाळीस बाया. एक माझी आई, यादीत पहिली. चाळिसाव्या माझ्या थोरल्या जाऊबाई. आणि एकेचाळिसावी भाऊंची माय.

ती कशी आली तेही सांगते. एकदा भाऊ की-बोर्ड झटकायला आले होते आणि मी कोणाची तरी दळणाची ओवी ऐकत होते. त्यांचा हात थांबला. म्हणाले, "माह्यी माय बी म्हणते." पुढच्या रविवारी सकाळचं विहारातलं आटोपून ते भनपुरीच्या आपल्या घरून मायला रिक्षानं घेऊन आले. वाकलेली, पांढऱ्या लुगड्यातली बाई. आधी दार लावायला लावलं तिनं, मगच तोंड उघडलं. अर्धी ओवी म्हणून मध्येच थांबली आणि लेकाला म्हणाली, "झालं काय रे?" ते सगळं त्यात आहे. वर्षभरात ती गेली. भाऊंनी ते कधी लावून ऐकलं नाही. मी म्हटलं तर म्हणायचे, "ऐकू कधीतरी."

त्या बायांपैकी निम्म्या तोपर्यंत नव्हत्याच, आणि उरलेल्यांना मी शब्द दिला होता की हे बाहेर कुठे जाणार नाही. म्हणून मुलगा जेव्हा पुण्याहून म्हणाला की इंटरनेटवर चढवून टाक, तेव्हा मी नाही म्हटलं. मग तो म्हणाला, ठीक आहे, निदान दोन डिस्क घाल आणि रेड लाव.

इथून पुढचे तीन दिवस माझ्या घरात ताण होता. दोन नव्या डिस्का चकचकीत पिशव्यांत टेबलावर पडलेल्या. फोन स्पीकरवर टाकून कॅबिनेटवर ठेवलेला. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला जमिनीवर भाऊ. मुलाचं म्हणणं असं की रेड लावलं म्हणजे दोन्ही डिस्का कॉम्प्युटरच्या पोटात जोडीनं चालतात, एकीवर जे लिहाल ते दुसरीवर आपोआप. एक बिघडली तरी दुसरीवर काम चालूच. वेगळी डिस्क ठेवायची म्हणजे आईनं दर रविवारी आठवणीनं कॉपी करायची, आणि आई विसरते. यात खोटं काही नव्हतं. मी विसरते.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "हव साहेब, बरोबर बोलून राहिले तुम्ही. मिलमध्ये मी बी हेच लावलं असतं. तिथं मशीन थांबली नाही पाहिजे. ताईची मशीन दोन दिवस थांबली तं थांबली. आवाज गेला नाही पाहिजे."

मुलगा जरा चिडला. मला म्हणाला, तू ठरव. आणि फोन ठेवला.

मी काय ठरवणार? मला दोन्ही पटत होतं. तेव्हा भाऊंनी भिंतीवरच्या आरशाकडे बोट दाखवलं. म्हणाले, रेड म्हणजे हा आरसा. "तुम्ही इथं टिकली काढली तं आरशातली बाई विचारत नाही, खरंच काढू काय म्हणून. ती बी काढते. तवाच." चुकून एखादी बाई खोडली माझ्या हातून, तर दुसऱ्या डिस्कवरूनही ती त्याच क्षणी जाणार, असं त्यांना सांगायचं होतं. पण बोलता बोलता त्यांची नजर माझ्या मोकळ्या कपाळावर गेली आणि त्यांनी मान खाली घातली. मीच म्हटलं, अहो भाऊ, खरं आहे, सहा वर्षांपूर्वी तो आरसाही थांबला नव्हता. तरी ते त्या दिवशी उरलेला चहा न पिताच निघाले, कारण काम झालंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते आले, पेचकस काढला, आणि बाहीचं बटण सोडून बाही कोपरापर्यंत वर सारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी वितळून थिजल्यासारखी होती. मिलमध्ये पाणी खेचायला दोन मोटरी होत्या म्हणे, एक चालू आणि एक तयार. साहेबलोक निर्धास्त होते, दोन आहेत म्हणून.

"दोन मोटरी होत्या, ताई. पण पॅनल एकच होतं. पॅनल जळलं, दोन्ही बसल्या."

मी विचारलं, मग?

"मग हे." त्यांनी बाही खाली ओढून बटण लावलं.

मी त्याच वेळी ठरवलं. वेगळी.

एक डिस्क त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बसवली. दुसरीसाठी टेबलावर एक खाचेचं स्टँड दिलं. रविवारी डिस्क त्यात उभी करायची, आठवडाभराचं कॉपी करायचं, काढायची, स्टीलच्या डब्यात ठेवायची. डिस्कच्या पाठीवर एक बारीक छिद्र असतं, ते दाखवून म्हणाले, हे तिचं नाक, यावर बोट ठेवायचं नाही. आणि डबा ह्या घरात ठेवायचा नाही. दुसऱ्या घरात. त्यांनी स्वतःच म्हटलं, "माह्याकडे भनपुरीला ठेवतो, दर रविवारी आणतो."

मी नको म्हटलं. का नको म्हटलं, ते मी कितीतरी दिवस स्वतःला नीट विचारलं नाही. तोंडानं मी म्हणाले, माझी नणंद आहे ना पलीकडच्या कॉलनीत, तिच्याकडे ठेवते. त्यांनी मान हलवली. पुढे दर वेळी विचारायचे, "डबा नणंदेकडे ना?" आणि मी हो म्हणायची.

डबा माझ्या देवघरात होता. आई, जाऊबाई, गेलेल्या सगळ्या त्यात. त्यांची जागा तिथेच, असं मी मनाशी धरलं होतं. रोज उदबत्ती लावताना डब्यालाही ओवाळायची.

आता नवरात्र आलं. खंडेनवमीला आपल्या घरांतून काय करतात ते तुम्हाला माहीत आहे. सुरी, कात्री, शिलाई मशीन, गाडी, जे जे हातात धरून आपण काम करतो त्याला हळदकुंकू. मी कॉम्प्युटरला फूल वाहिलं, की-बोर्डला अक्षता. मग डबा उघडला. डिस्क पाटावर ठेवली, पाठ वर करून. आणि तुम्हाला काय सांगू, त्या पाठीवर ते बारीक छिद्र असं बरोब्बर दिसत होतं, जणू कपाळावर टिळा लावायची जागाच कोणी खूण करून ठेवली आहे. मी हळदकुंकू पाण्यात कालवलं आणि तिथेच बोट टेकवलं. वरून दोन पळ्या पाणी शिंपडलं. नमस्कार करून तशीच डब्यात ठेवली, झाकण घट्ट लावलं.

नाक वगैरे काही आठवलं नाही. मुलगा म्हणाला होता ना, आई विसरते.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळी दहाचा सुमार. मी टंकत बसले होते. एकदम ट्यूबलाईट पांढरीफेक झाली, पंखा भिरभिरला, फ्रिज ओरडल्यासारखा झाला, आणि टेबलाखाली फाटकन आवाज. मग जळक्या रबराचा वास. बाहेर सगळा पारा, आमचा अख्खा मोहल्ला, रस्त्यावर आलेला. कोणाचा टीव्ही गेला, कोणाची पाण्याची मोटर. लाईनमन म्हणाला खांबावरचा न्यूट्रल तुटला, घराघरात दुप्पट वीज शिरली.

भाऊ तासाभरात आले. चहा मागितला नाही. कॅबिनेट उघडलं, आतली डिस्क काढून वास घेतला आणि बाजूला ठेवली. तिच्या सर्किटच्या हिरव्या पट्टीवर काळा डाग पडला होता. मुलाला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "रेड असतं तर दोन्ही गेल्या असत्या ना हो?" भाऊ म्हणाले, हव. त्यात विजय वगैरे काही नव्हता.

आणि मी, मला तर तोपर्यंत धीर होता. म्हटलं, दुसरी आहे ना आपली. भाऊ उठून चप्पल घालायला निघाले, नणंदेकडून डबा आणायला. तेव्हा मला सांगावं लागलं. थांबा म्हटलं. त्यांच्यादेखत देवघरात गेले, डबा काढला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला.

ते डब्याकडे बघत राहिले. मग देवघराकडे. मग झाकण उघडलं.

हळद सुकून फुटली होती. कुंकू छिद्रात घट्ट बसलं होतं. कडेनं ओघळ गेलेला, वायर जोडतात त्या खालच्या सोनेरी दातांवर हिरवट थर. एक अक्षत तशीच चिकटलेली.

त्यांनी मला रागवावं असं मला फार वाटत होतं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, तो पुसला, घातला. म्हणाले, मिलमध्ये विश्वकर्मा पूजेला सगळ्या मोटरींना हारफुलं चढायची. पूजा सांगणारे महाराज येण्याच्या आधी ते स्वतः फिरून प्रत्येक मोटरीच्या हवेच्या जाळीवर टेप लावून यायचे. पूजा झाली की काढायचे.

"इथं टेप लावायची राहिली माह्यी. चूक माह्यी हाये, ताई."

मला तिथे उभंही राहवेना. स्वयंपाकघरात जाऊन रिकामीच भांडी सरकवत राहिले.

मग काम सुरू झालं. खालची हिरवी पट्टी सोडवली. जुना दातांचा ब्रश आणि स्पिरिट घेऊन एकेक दात घासला. छिद्रातलं कुंकू सुईनं, कणाकणानं, श्वास रोखून, आत एक कण जाऊ न देता. पंख्याखाली वाळायला ठेवलं. उन्हात नको म्हणाले. शेजारी भिलईहून पाहुणे आलेले, त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता, आणि आम्ही दोघं एका चपट्या पेटीकडे बघत बसलेलो. मी सारखी तिला हात लावून बघत होते की वाळली का. शेवटी ते म्हणाले, "पापड नाही हाये ताई तो."

दोन वाजता त्यांनी आपला दुकानातला कॉम्प्युटर मांडला, एक नवी डिस्क जोडली आणि ही जुनी. बटण दाबण्याआधी खिशातला लांब पेचकस काढला. त्याचं टोक डिस्कवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. मिलमध्ये बेअरिंगचा आवाज असा ऐकतात. बटण दाबलं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते फक्त.

"फिरून राहिली," ते म्हणाले. "पण दमून राहिली. किती वेळ देते, माहीत नाही."

म्हणजे सगळं एकदम कॉपी करायचं नाही. एकेक बाई. एक आली की लावून दोन ओळी ऐकायच्या, नीट आली का बघायचं, मग पुढची. आणि डिस्क कधी बसेल सांगता येत नाही, तेव्हा आधी कोण?

ते मला म्हणाले, तुम्ही सांगा. मी म्हटलं, तुमची माय. ते जोरात मान हलवून नाही म्हणाले. "यादीनं. वहीत लिहिलं तसं. आपलं माणूस आधी नाही काढायचं."

तर माझी आई आधी आली. तिची दोन ओळींची अंगाई. मग दुसरी, तिसरी. दर दोन-चार बायांनंतर पडद्यावरची पट्टी अडायची, डिस्क कट्कट् करायची. ते बंद करायचे, गार होऊ द्यायचे, पुन्हा पेचकस कानाला, पुन्हा सुरू. त्या दुपारी किती मेलेल्या बाया माझ्या खोलीत येऊन दोन ओळी म्हणून गेल्या. एक उखाणा, एक शिवी, एक हसणं. पस्तीस झाल्या तेव्हा उन्हं उतरली होती. डिस्कला हात लावला तर चटका. भाऊ म्हणाले, दुकानातून छोटा पंखा आणतो, तोवर फक्त छत्तीस ते अडतीस चालू द्या, मग बंद करा. सायकलवर निघाले.

छत्तीस आली. सदतीस फार वेळ लावून आली. अडतीसच्या वेळी डिस्कचा आवाज बदलला. मला पेचकसाची गरज पडली नाही, तो आवाज सरळ ऐकू येत होता. अडतीस कशीबशी आली. यादीनं पुढे एकोणचाळीस, मग चाळीस, मग एकेचाळीस.

मी बंद करायला पाहिजे होतं. मी एकेचाळीस लावली.

मी कॉपी करायला त्यांच्याकडूनच शिकले होते. पट्टी एका बोटाएवढी सरकायची आणि थांबायची. मी देवाचं नावसुद्धा घेतलं नाही, त्या दिवशी देवाला तोंड दाखवायची माझी सोय नव्हती. आली. नीट आली का बघायला मी ती लावली. आणि तेवढ्यात दारात भाऊ, हातात पंखा.

खोलीत त्यांची माय ओवी म्हणत होती. दळताना म्हणतात तशी, श्वासाच्या ठेक्यात. अर्ध्यावर थांबली.

"झालं काय रे?"

आणि त्याच आवाजामागून, लांबून, दहा वर्षांनी लहान असलेले भाऊ: "हव माय. गा तू."

ते दारातच उभे होते. ओवी संपेपर्यंत उभे होते. मग आत आले, पंखा डिस्ककडे तोंड करून ठेवला, वायर लावली. पडद्यावरची यादी वरून खाली वाचली.

"यादी मोडली तुम्ही."

मी म्हटलं, मोडली.

एकोणचाळीस आली, दोनदा अडून. चाळीस लावली. पट्टी सुरूच झाली नाही. कट्, कट्, कट्, आणि मग काहीच नाही. त्यांनी पेचकस टेकवला, मूठ कानामागे लावली. डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच होते. मग हळूच पेचकस खाली ठेवला.

"चाळीस कोणाचा होता, ताई?"

"जाऊबाईंचा."

जाऊबाईंच्या त्या टेपमध्ये गाणं थोडंच होतं. लोणच्याचा मसाला सांगत होत्या, आणि मध्येच माझ्यावर खेकसल्या होत्या, ते आधी बंद कर, दूध उतू जाईल. शब्द माझ्या वहीत आहेत. आवाज नाही. कधी कधी मी दूध तापत ठेवून उभी राहते आणि तो आवाज आठवायचा प्रयत्न करते, तर मला माझाच येतो.

त्या संध्याकाळी मी चहा केला. त्यांनी अर्धा प्यायला आणि बशी झाकली. नवी डिस्क माझ्या कॉम्प्युटरसाठी ठेवली, तिच्यावरून आणखी एक केली. मग ती बसलेली डिस्क रुमालात गुंडाळून खिशात घातली आणि उठले. अर्धा कप तसाच. मी म्हटलं, भाऊ, काम झालं ना? म्हणाले, "एक बाकी हाये."

दुसरी चांगली डिस्क मी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, ही भनपुरीला, तुमच्या घरी. त्यांनी घेतली. तिच्यासाठी पिशवी मी शिवून दिली होती, माझ्या जुन्या नऊवारीची, दोन पदरी.

त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी ते ती डिस्क घेऊन यायचे, मी आठवडाभरात काही टंकलं असेल ते त्यात भरायचे, आणि घेऊन जायचे. चहा अर्धाच. मी विचारायच्या आधीच सांगायचे, चाळीसवाल्या डिस्कसाठी तसल्याच मॉडेलची जुनी पट्टी शोधून राहिलो, नागपूरला एकाला सांगून ठेवलं. एकदा म्हणाले, काल तीन मिनिटं फिरली. मी म्हणायची, राहू द्या हो भाऊ, मीच यादी मोडली, मीच सोडून देते. ते दोन बोटं धरायचे, एक मिटायचे, आणि या वेळी प्रश्न न विचारता नुसतेच उरलेल्या बोटाकडे बघत राहायचे.

यंदा थंडीत एका रविवारी ते आले नाहीत. दुसऱ्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी त्यांच्या पत्नी आल्या. त्या कधी माझ्याकडे आल्या नव्हत्या. चप्पल बाहेर काढली आणि जमिनीवर बसल्या, सोफा रिकामा असताना. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं, एवढंच त्या बोलल्या. मग पदराखालून माझी नऊवारीची पिशवी काढली. "तुमची वस्तू हाये म्हणाले होते. ताईकडे द्यायची."

पिशवीत दोन डिस्का होत्या. एक चांगली. दुसरी ती. छिद्राच्या कडेला अजून पिवळा डाग आहे, आणि नाकावर, अगदी नेमका, काळ्या टेपचा एक चौकोनी तुकडा लावलेला. बाजूला पांढऱ्या कागदावर त्यांच्या अक्षरात: ४० बाकी.

मी त्यांना मायचा आवाज लावून दाखवला. त्या भाऊंच्या "हव माय"पर्यंत ऐकत होत्या, मग म्हणाल्या, पुन्हा लावा. चहा त्यांनी पूर्ण घेतला. जाताना म्हणाल्या की त्या आता मुलीकडे राहायला जात आहेत, गोंदियाला.

म्हणून तुम्हाला बोलावलं. आता बघा, एक डिस्क माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे आणि दुसरी इथे, ह्याच टेबलावर, ह्याच खांबावरच्या विजेखाली. देवघरात मी पुन्हा ठेवणार नाही. रात्री ट्यूब जरा जास्त पांढरी झाली की मी उठून बसते. नणंद तर गेलीच. मुलगा पुण्याहून दिवाळीलाच येतो. मला दर रविवारी येणारं माणूस पाहिजे, आणि ज्याचं घर आमच्या लाईनीवर नाही असं पाहिजे. तुमचं कुठे आहे? पलीकडे ना, नाल्याच्या त्या बाजूला? तुमची आजी तेवीस नंबरला आहे. तुम्ही अजून एकदाही तिला ऐकलेलं नाही.

या ह्या रविवारी. पिशवी धुऊन ठेवली आहे. चहा करते, तुम्ही पूर्ण प्या हवं तर. पण लवकर या, पुढच्या महिन्यावर टाकू नका.